मेजावरचा उरलेला रस

आमच्या घरात तारण या शब्दाचा अर्थ फार सोपा होता. कारखान्याची बस आग्रा रोडला थांबते आणि पप्पा तिच्यातून स्वतःच्या पायांनी उतरून सरळ घरी येतात, याला तारण म्हणायचं. रविवारच्या शाळेत बाईंनी "तारण म्हणजे काय?" असं विचारलं की बाकीची मुलं पाठ केलेलं उत्तर म्हणायची, पापापासून सुटका आणि सार्वकालिक जीवन. मीही म्हणायचे, शाबासकी कोणाला नको असते? पण म्हणताना मला डोळ्यांपुढे बसच दिसायची.

पप्पा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. मूळचे नामपूरकडचे. मी लहान होते तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ते प्यायचे. रोज नाही, पण एकदा सुरू झाले की आठवडाभर थांबत नसत. मग त्यांना घरी आणायचं काम शेजारच्या काकांकडे असायचं. काका त्याच कारखान्यात होते, घरंही भिंतीला भिंत लागून. ते बौद्ध, आम्ही ख्रिस्ती. सकाळी ते पप्पांना जय भीम घालायचे, पप्पा त्यांना सलाम करायचे आणि दोघं एकाच बसला पळायचे. संध्याकाळी काका पप्पांना बगलेत धरून दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "वहिनी, घ्या तुमचा माणूस. आज लय जड झालाय."

प्यायल्यावर पप्पा अहिराणीत शिरायचे. आईनं "किती घेतलीत?" विचारलं की "काहीच नही शे" असं म्हणून भिंतीला टेकायचे. आई नाशिकच्या मिशन कंपाउंडात वाढलेली, तिचं बोलणं स्वच्छ आणि जरा कडक. तिला अहिराणी कळायची, पण त्या वेळी ती कळत नसल्यासारखी वागायची. पप्पा कोणावर हात उगारत नसत. रडायचे आणि झोपायचे. नातेवाईक आईला म्हणायचे, मारत तर नाही ना, मग काय एवढं? मला त्या नातेवाइकांचा अजून राग येतो. आमच्या घरात संध्याकाळ झाली की कोणी नीट बोलत नसे, हातातलं काम चालू असलं तरी आईचा कान रस्त्याकडे असायचा. भीती घालायला माणसानं मारावंच लागतं असं नाही.

मग एका हिवाळ्यात मैदानावर मांडव घालून तीन संध्याकाळी सभा झाल्या. बाहेरगावचे प्रचारक आले होते. पप्पांना प्रवचनाचं फारसं वेड नव्हतं, पण हार्मोनियम चांगला वाजतोय असं कोणी सांगितलं म्हणून ते गेले. शेवटच्या संध्याकाळी प्रचारकांनी ज्याला तारण हवं त्यानं उभं राहावं असं सांगितलं, आणि पप्पा उभे राहिले. घरी येऊन आईला म्हणाले, "मी प्रभूला स्वीकारलं."

"बरं," आई म्हणाली. "जेवायला वाढू?"

तिनं याआधी बऱ्याच शपथा ऐकल्या होत्या. पप्पांनी ट्रंकेमागची बाटली काढली आणि मोरीत ओतली. आईनं मोरी घासून धुतली, पुन्हा वास घेतला आणि पुन्हा धुतली. तिचा विश्वास बसायला पुढचा नाताळ उजाडावा लागला. काकांचा मात्र लगेच बसला. ते म्हणाले, "तुझं तारण झालं आणि माझी हमाली सुटली. तुझ्या प्रभूला माझाही जय भीम सांग."

पप्पांनी त्यानंतर खरंच प्यायली नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, मी प्राथमिकमधून हायस्कुलात गेले, धाकटा भाऊ झाला. आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा साक्षीची सभा असायची. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते ज्याला सांगायचंय त्यानं उभं राहून सांगायचं. पप्पांची साक्ष दर वर्षी व्हायची. ती इतकी ठरलेली होती की मला तोंडपाठ होती आणि मी स्वयंपाकघरात खांद्यावर टॉवेल टाकून ती करून दाखवायचे. शेवटचं वाक्य असायचं, "आजपर्यंत एक थेंब घेतलेला नाही." त्यावर मंडळी मोठ्यानं आमेन म्हणायची. पप्पांची मान त्या वेळी अशी ताठ व्हायची की मला हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. पुढे त्यांना पंच केलं. म्हणजे चर्चच्या कारभारातले, प्रभुभोजनाच्या वेळी पुढे उभे राहणारे.

आता रसाबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला दारू वापरत नसत. महिन्याच्या पहिल्या रविवारी पावाचे तुकडे आणि द्राक्षांचा उकळलेला रस असायचा, बोटभर उंचीच्या काचेच्या पेल्यांमधून. तो रस वर्षभराचा एकदाच करायचा. ते काम पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या पास्टरांनी, आईला दिलं होतं. द्राक्षांचा रस आंबू न देण्याची तिच्याइतकी काळजी दुसऱ्या कोणालाच नसणार, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

फेब्रुवारी संपता संपता काळी द्राक्षं यायची. आई ती टोपलीनं आणायची, मणी काढून धुवायची, हातानं कुस्करून मोठ्या पातेल्यात उकळायची. मग मलमलीतून गाळून पुन्हा उकळी. बाटल्याही उकळलेल्या, बुचंही उकळलेली. गरम रस गरम बाटलीत काठोकाठ भरायचा, बूच ठोकायचं आणि वर वितळलेलं मेण ओतायचं. मेण ओततानाच ती प्रार्थना करायची, पण डोळे उघडे ठेवून. मी हसले तर म्हणायची, "देवाला चालतं. मेण सांडलेलं चालत नाही." बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची, हा तिचा नियम. चर्चचाही नियम होताच, मेजावर, म्हणजे प्रभुभोजनाच्या टेबलावर, आलेलं परत कपाटात जायचं नाही. उरलेलं पंचांनी संपवायचं किंवा अंगणातल्या कडुनिंबाच्या मुळाशी ओतायचं.

पप्पांना हे ओतणं जिवावर यायचं. एक तर तो प्रभूच्या मेजावरचा रस, आणि वर आईनं त्यासाठी काढलेला घाम त्यांनी पाहिलेला. त्यामुळे ओतायची वेळ येऊ नये म्हणून उरलेला रस बहुतेक तेच पिऊन टाकायचे. ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात अर्धी मंडळी लग्नांना गावोगाव गेलेली, आणि मोठी बाटली उघडली तरी निम्मी उरली. एवढा रस एका माणसाला जाण्यासारखा नव्हता. पप्पांनी बाटलीला तेच बूच दाबून बसवलं, पाळकसाहेबांच्या खोलीतल्या पत्र्याच्या कपाटात ती मागे ठेवली आणि कोणाला बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात हीच आधी संपवू, असा त्यांचा सरळ हिशेब. नाशिकचा मे महिना, वर पत्रा, कपाटही पत्र्याचं. पुढचं सगळं त्या बाटलीनं स्वतःच केलं.

जूनच्या पहिल्या रविवारी भावाला गोवर निघाला होता. आई घरी राहिली. मी आणि पप्पा उशिरा पोचलो, त्यामुळे पेले भरायचं पप्पांचं काम दुसऱ्या पंचांनी आधीच उरकलं होतं. हे निवृत्त मास्तर होते, अत्यंत सज्जन माणूस. कपाटात हाताला लागलेली बाटली त्यांनी उघडली. नंतर ते सांगत होते की बूच जोरात उडालं आणि वर फेस आला, तेव्हा त्यांना वाटलं, वा, रस किती ताजा राहिलाय. त्यांचा दोष नाही. त्यांनी जन्मात दारूचा वास घेतला नव्हता. आमच्या मंडळीत तीन पिढ्यांची निर्व्यसनी माणसं भरलेली होती, आणि ज्या नाकाला तो वास ओळखू आला असता ते नाक उशिरा पोचलं होतं.

माझं दृढीकरण, म्हणजे मंडळीत पूर्ण सभासद म्हणून घेण्याचा विधी, अजून व्हायचं होतं, त्यामुळे मला पेला मिळत नसे आणि बघत बसायला भरपूर वेळ असे. तबक आधी बायकांच्या बाजूला फिरलं, मग पुरुषांच्या. काही बायकांनी तोंडं वाकडी केली. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यांनी ओठ चाटले आणि तबकाकडे पुन्हा पाहिलं. शेवटी पंचांची पाळी आली. ते मंडळीकडे तोंड करून पुढे उभे होते. पप्पांनी पेला उचलून ओठांजवळ नेला आणि ते थांबले. मी इतकी जवळ नव्हते, तरी त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला. एरवी कोणी हाक मारल्यावर माणूस वळून बघतो तसा तो झाला. मग त्यांनी पेला रिकामा केला आणि तबकात ठेवला.

आम्ही घरी आलो. दारात आई उभी होती. "काय गं, सगळं झालं का नीट?" असं ती मला विचारत होती, तेवढ्यात पप्पा तिच्या बाजूनं आत गेले आणि ती मध्येच थांबली. त्या वासाची ओळख तिलाही होती. ती आत गेली, ट्रंक भिंतीपासून ओढली आणि मागे पाहिलं. मागे धूळ होती.

"तिथं काय बघतेस?" पप्पा म्हणाले. "चर्चमध्ये प्यालो."

मग त्यांनी कपाटातल्या बाटलीचं सांगितलं. आई इतकी चिडली की मला वाटलं ती रडेल, पण ती रडली नाही. "एवढ्या उकळ्या काढते मी, एवढं मेण ओतते," ती म्हणाली, "आणि तुम्ही उघडी बाटली कपाटात घालता? ओतायची होती झाडाला! झाड काही बिघडत नाही!" पप्पा खाली मान घालून बसले. त्यांना त्या बाटलीचं काहीच वाटत नव्हतं, दुसरंच काही वाटत होतं, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

पुढचे दोन रविवार ते चर्चला गेले नाहीत. कारखान्यात जायचे, परत यायचे, जेवायचे नीट नाहीत. दुसऱ्या रविवारी दुपारी पाळकसाहेब सायकलवरून घरी आले. शांत, सडपातळ माणूस होते, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. चहा झाला तशी पप्पांनी सुरुवात केली.

"साहेब, माझं नाव पंचांतून काढा."

"का, भाऊ?"

"एक थेंब नाय म्हणत होतो. आता थेंब पोटात गेला. माझं तारण गेलं."

"ती चूक होती. मास्तरांचं मला कळलं सगळं. चुकीनं तारण जात नाही."

"चूक बाटलीची हाय, माझी नाय," पप्पा म्हणाले. "ओठाला लागायच्या आधीच कळलं होतं मला. खाली ठेवता आला असता. नाय ठेवला. सगळ्यांपुढं प्रभूचा पेला कसा ठेवायचा, असं मी मनाला सांगितलं. पण खोटं हाय ते. त्या वक्ताला प्रभू आठवलाच नाय, साहेब. लय दिसांनी कोणी आपलं भेटल्यासारखं वाटलं."

पाळकसाहेबांनी कप बशीत ठेवला. मग एकदम माझ्याकडे वळले. "मुली, पप्पांची साक्ष तुला पाठ आहे म्हणे."

माझ्या नकलेची बातमी चर्चपर्यंत गेली होती तर. मी आईकडे पाहिलं. तिनं काही खूण केली नाही.

"म्हण," ते म्हणाले.

मी उभी राहिले आणि एका दमात म्हटलं. मी दारुडा होतो. मी मांडवात उभा राहिलो. मी घरी येऊन बाटली मोरीत ओतली. सोबत्यांनी बोलावलं, मी गेलो नाही. भावाच्या लग्नात सगळे प्याले, मी शिवलो नाही. माझ्या मनाला मी आवर घातला. आजपर्यंत मी एक थेंब घेतलेला नाही. प्रभूची स्तुती असो.

"यात प्रभू कुठे आला?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"शेवटी," मी म्हणाले. "आभाराला."

माझे कान तापले. इतक्या वर्षांत शंभरदा ती नक्कल केली होती, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि पप्पांच्या तोंडावरून दिसत होतं की त्यांच्याही आलं नव्हतं.

"भाऊ," पाळकसाहेब म्हणाले, "तारण तुम्ही स्वतःच्या बळावर धरून ठेवलं असेल तर ते गेलं, हे खरं आहे. मी तुमची समजूत घालणार नाही. पण ते त्यानं दिलेलं असेल, तुम्ही पीत होतात तेव्हाच दिलेलं असेल, तर तुमच्या एका घोटानं तो ते परत कशाला मागेल?"

पप्पा तापले. "मंग इतकी वर्सं मी झगडलो ते फुकटच?"

"फुकट कसं? तुमच्या बायकोला विचारा, पोरांना विचारा. ते त्यांच्या वाट्याला आलं. पण ते दाखवून देवाकडून काही घ्यायचं नसतं."

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई बोलली. ती पाळकांपुढे सहसा बोलत नसे. "साहेब, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण हे त्यांना आत्ता सांगू नका. प्यायलं तरी तारण जात नाही, हे ऐकून उद्या ते बसमधून उतरतील आणि कुठे जातील, याचा विचार केलात का? प्रभू त्यांना सोडणार नाही. पण घरी कोण आणणार?"

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, त्यासाठी मी प्रार्थना करीन."

मला ते उत्तर तेव्हा फारच बुळचट वाटलं. आईचं म्हणणं बरोबर होतं. त्याच आठवड्यात पप्पा प्यायले. मेजावरचा चमचाभर रस नाही, गुत्त्यात बसून. काकांनी त्यांना आणलं, पूर्वीसारखंच बगलेत धरून. फक्त या वेळी "घ्या तुमचा माणूस" असं ते म्हणाले नाहीत. नुसते म्हणाले, "वहिनी, मी थांबवत होतो." आईनं पप्पांचे बूट काढले. पप्पा भिंतीकडे तोंड करून "काहीच नही शे, काहीच नही शे" म्हणत होते, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पातेल्यात डोकं घालून रडले. तोपर्यंत मी स्वतःला मोठी समजत होते.

सकाळी पप्पा कामावर गेले तशी आई डोक्यावर पदर घेऊन पाळकसाहेबांकडे गेली. मी तिच्याबरोबर होते. दारातच म्हणाली, "तुम्ही म्हणालात देव सोडत नाही. काल ते प्यायले. आता सोडत नाही म्हणजे काय करतो ते मला दाखवा." मला वाटलं ते प्रार्थना करू म्हणतील. ते म्हणाले, "बस किती वाजता येते?"

त्या संध्याकाळी बस थांबली तेव्हा आग्रा रोडला पाळकसाहेब सायकल धरून उभे होते. दुसऱ्या दिवशीही. पप्पा पुढे आणि मागून काका असे उतरायचे, पाळकसाहेब सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालत घरापर्यंत यायचे आणि चहा न घेता जायचे. वाटेत धर्माचं काही बोलत नसत. काका सांगायचे, बहुतेक कांद्याच्या भावावर बोलणं चालतं. पप्पा त्यांच्यावर वैतागले. "मी काय लहान पोरगं हाय? येऊ नका उद्यापासनं," असं तोंडावर म्हणाले. पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी आले. मध्ये दोनदा पप्पा कारखान्यातूनच लवकर सटकले आणि गुत्त्यात जाऊन बसले. तेव्हा काकांनी आणि पाळकसाहेबांनी दोन्हीकडून धरून त्यांना आणलं. काका म्हणाले, "साहेब, तुमचं देवाचं काम आणि माझं हमालीचं, एकच दिसतंय."

"बरेच दिवस मलाही तशी शंका येतेय," पाळकसाहेब म्हणाले.

पावसाळा असा गेला. एका संध्याकाळी पप्पा घरी आले, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "या रविवारी येतो चर्चला." तो महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे ते मेजाला जाणार होते. आमच्याकडे रीत अशी की जो मेजापासून दूर राहिला त्यानं परत येताना मंडळीसमोर उभं राहून कबुली द्यायची आणि पुन्हा तसं होणार नाही असं वचन द्यायचं. मग पंच त्याला घेतात. वचन दिलं नाही तर मेज नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि पप्पांच्या तोंडून आता वचन निघणार नव्हतं हे आईला माहीत होतं. शनिवारी ती मला म्हणाली, "मंडळी त्यांना नाही म्हणाली ना, तर ते पुन्हा कधी आत पाऊल ठेवणार नाहीत. आणि मग बसवरही कोणाला येऊ देणार नाहीत."

रविवारी चर्च भरलेलं होतं. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. या वेळची बाटली आईनं स्वतः उघडली होती. गीत झाल्यावर पप्पा उठले. लोकांनी नेहमीच्या साक्षीसाठी कान सैल सोडलेले मला दिसले.

"मी प्यालो," पप्पा म्हणाले. "हितं मेजावर प्यालो, ते समजून प्यालो. नंतर गुत्त्यातही प्यालो. इतकी वर्सं तुमच्यापुढं उभा राहून मी माझीच फुशारकी सांगत होतो, ती सोडून द्या. सांगायचं येवढंच. बस थांबती तिथं रोज दोन माणसं माझ्यासाठी असतात. एक उतरतो, एक उभा असतो. येऊ नका म्हणालो तरी येतात. प्यालेला असलो तरी घरी आणतात. प्रभूचंही तसंच असावं, असं मला वाटायला लागलंय. बाकी मला काय माहीत नाय."

कोणी आमेन म्हणालं नाही. मास्तर पुढे उभे होते. अवघडून म्हणाले, "भाऊ, पुन्हा पिणार नाही असं मंडळीसमोर म्हणा. तशी रीत आहे."

"म्हणवत नाय, मास्तर. आधी तेच म्हणत होतो."

पुरुषांच्या बाजूला कुजबूज झाली. मागून कोणीतरी "मग पोरांनी काय शिकायचं यातून?" असं म्हणालं, आणि प्रश्न वाईट नव्हता. मी घट्ट डोळे मिटले. त्या क्षणी मला देवाशी काही घेणंदेणं नव्हतं, एवढंच वाटत होतं की ह्या माणसाला इथून हाकलू नका. पाळकसाहेबांचा आवाज आला, "बसा, भाऊ. हे मेज आपण मांडतो, पण बोलावणारे आपण नाही." आणि त्यांनी पाव हातात घेऊन प्रार्थना सुरू केली.

रसाचं तबक पुरुषांच्या बाजूला मास्तरांच्या हातात होतं. पप्पांच्या बाकाशी ते थांबले. थांबले म्हणजे चांगलेच थांबले. मग त्यांनी तबक पुढे केलं.

पप्पांनी पेला उचलला, पण तो ओठांपर्यंत नेला नाही. ते पेल्याकडे बघत राहिले. सगळी मंडळी त्यांच्यासाठी थांबली होती. मला वाटलं, ते रागानं खाली ठेवणार. पण तो राग नव्हता, ते घाबरले होते. रस आंबलेला असेल आणि आपल्याला तो हवासा वाटेल, याला ते घाबरले होते. त्यांना आता स्वतःच्या नाकाचाही भरवसा राहिला नव्हता.

माझ्या शेजारचा बाक करकरला. आई उठली होती. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन चालू असताना कोणी बाई बायकांची बाजू सोडून पलीकडे गेली, असं मी कधी पाहिलं नव्हतं. ती मधली वाट ओलांडून गेली, मास्तर बाजूला सरले, आणि तिनं पप्पांच्या हातातून पेला घेतला. आधी नाकाशी नेला. सकाळचं दूध नासलंय का ते बघतात तसा, डोळे बारीक करून, सगळ्या मंडळीसमोर नीट वास घेतला.

"बरोबर हाय का?" पप्पांनी हळूच विचारलं.

"बरोबर आहे," आई म्हणाली आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. "घ्या."